बाग आपली, भाव कुणाचा?

आमचे पुष्कळ वाचक शहरात कारखान्यात, रेल्वेत, नगरपालिकेत राबतात. पण गावी भावाकडे दोन-तीन एकरांची फळबाग आहे, अशीही कुटुंबे त्यांत आहेत. वरुड-मोर्शीकडच्या अशाच एका संत्र्याच्या बागेची, म्हणजे आमच्या थोरल्या भावाच्या बागेची हकिकत आज सांगतो.

गेल्या साली तालुक्याला फळ उत्पादकांसाठी दोन दिवसांचे व्यवसाय प्रशिक्षण होते. ते ठेवले कधी, तर आंबिया बहाराचा तोडा चालू असताना! दादा एक दिवस गेले आणि एक पिशवी, एक पुस्तिका व 'व्हॅल्यू चेन', 'बिझनेस प्लॅन' असे शब्द घेऊन परतले. दुसऱ्या दिवशी वहिनी गेल्या. बागेचे पाणी, गळलेली फळे वेचणे, मजुरांचे पैसे, सारे त्याच बघतात. पण सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून त्यांना बसू दिले नाही.

खरी अडचण मात्र याच्याही आधीची. पावसाळ्यात फळ हिरवे असते, तेव्हाच व्यापारी बाग ठोक मागतो आणि विसार देतो. नेमकी त्याच दिवसांत पोरीच्या कॉलेजची फी भरायची असते. एकदा विसार घेतला की प्रतवारी, पॅकिंग, बाजारभाव शिकून करायचे काय? 2016 साली राज्यात फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला. दहा उत्पादकांना मिळून कंपनीही काढता येते. पण बाग आधीच दिलेल्याला त्याचा काय उपयोग?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वहिनींजवळ वही घेऊन बसलो. खत, फवारणी, विजेचे बिल, मजुरी, सगळे त्यांना तोंडपाठ. फक्त दोघांची स्वतःची मजुरी कुठेच धरलेली नव्हती. ती मांडली, तर नफा उरेना. दादा उठून बाहेर गेले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे आधी समजलं असतं त एवढ्यात बाग देऊ देली नसती म्या."

भगिनींनो, 1992 च्या लक्ष्मीमुक्ती योजनेनुसार पतीच्या संमतीने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येते. तलाठ्याकडे अर्ज करायचा. दादांनी तो दिला आहे. फीसाठी आम्ही भावंडे दर महिन्याला थोडे बाजूला टाकतो आहोत. पावसाळ्यापर्यंत किती जमते ते पाहू.