साचा एक असावा, बेणे मात्र वेगळे ठेवावे



काटा, शेतकी विभाग, गट कार्यालये, हिशेब विभाग, भांडार आणि साखर गोदाम या सर्व ठिकाणचे संगणक एका साच्याचे करावेत व सगळीकडे एकच प्रणाली चालवावी, असा विचार आपल्याकडे सुरू आहे. प्रस्तुत लेखकाचा त्याला पाठिंबा आहे. मात्र त्याला एक अट जोडली पाहिजे. ती कोणती आणि का, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

अगोदर फायद्याची बाजू पाहू. एका गटात एक संगणक, दुसऱ्या गटात दुसराच. ऊसनोंदीचा नमुना इथे एक, तिथे भलताच. कारकुनाची बदली झाली की पहिले आठ दिवस बटणं शोधण्यातच जातात. कित्येक ठिकाणी अजून विंडोज १० चालते. तिचा नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. साचा एक झाला की दुरुस्ती सोपी, शिकवणी एकदाच, आणि खरेदी एकगठ्ठा असल्याने भावातही घासाघीस करता येते. लागणीची तारीख एकदा नोंदली की तोडणी कार्यक्रमापासून ऊस बिलापर्यंत तीच राहते. हा सभासदाचा रोकडा फायदा आहे.

आता दुसरी बाजू. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी जगातील मोठ्या कंपन्यांपैकी एक. देशोदेशी तिची कार्यालये व बंदरे, आणि ती सर्व एकाच संगणक जाळ्यात जोडलेली. २७ जून २०१७ रोजी या जाळ्यात नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम शिरला. तो आला युक्रेनमधून, तिथल्या करभरणा व हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीबरोबर. म्हणजे रोजच्या विश्वासातल्या वाटेनेच. विंडोजमधील ज्या खिंडारातून तो पसरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. पण ती न बसवलेला एक संगणक सापडला तरी पुरे. त्यातले पासवर्ड चोरून तो दुरुस्ती केलेल्या संगणकांतही घुसत असे. सगळीकडे कुलूप एकाच जातीचे आणि आतली दारे उघडी! काही तासांत कंपनीचा कारभार ठप्प झाला. आपल्या न्हावा शेवा बंदरातील या समूहाच्या टर्मिनलचे कामसुद्धा बंद पडले.

जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितले की, ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० प्रोग्राम नव्याने बसवावे लागले. हे काम दहा दिवसांत उरकले. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचे सांगितले.

यातली खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. कोणत्या माणसाला कोणत्या संगणकात प्रवेश द्यायचा, याची नोंद सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर कंपनीकडे होते. प्रत्येकाकडे तीच नोंद. एक बिघडला तर बाकीचे आहेतच, असा भरवसा. पण ते सगळे एकमेकांना अखंड जोडलेले असल्याने एकदमच पुसले गेले. ‘वायर्ड’ नियतकालिकाने २०१८ मध्ये छापलेल्या वृत्तांतानुसार, शोधाशोध केल्यावर आफ्रिकेतील घाना देशात एक प्रत शाबूत मिळाली. ती वाचली कशी? हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो सर्व्हर बंद पडला होता! वीज गेली की आपण शिव्या घालतो. त्या कंपनीला वीज गेल्यानेच तारले. पण कारखान्याचा कारभार अशा नशिबाच्या हवाली करता येत नाही.

ऊसवाल्याला हे समजायला अवघड नाही. उत्तर प्रदेशात को ०२३८ हा वाण चांगला उतारा देतो म्हणून बहुतेक ऊसक्षेत्र त्या एकाच वाणाखाली गेले. पुढे त्यावर लाल कूज आली तेव्हा शिवारच्या शिवार सापडले. वाण वाईट नव्हता, त्याला जोडीदार ठेवला नव्हता. म्हणून तर आपण पायाभूत बेणे वेगळ्या मळ्यात राखतो. मुख्य फडावर रोग आला तरी बेणे शाबूत राहावे, हाच त्यामागचा हिशेब.

तीच अट संगणकांना लावावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. साचा एक करा, पण सभासद नोंद, ऊसनोंद, काट्याची वजने व हिशेब यांची प्रत रोज काढून जाळ्यापासून तोडून कुलपात ठेवा. हंगामापूर्वी एकदा त्या प्रतीवरून कारभार खरोखर उभा करून दाखवा. न उगवणारे बेणे राखून उपयोग काय? काट्याचा संगणक मध्यवर्ती यंत्रणा बंद असतानाही वजन करून पावती देईल असा ठेवा. एका विभागाचा पासवर्ड दुसऱ्या विभागात चालू देऊ नका. आणि हाताने पावती लिहिण्याचा सराव सोडू नका. मर्स्कमध्येही त्या दहा दिवसांत माणसांनी हाताने काम रेटले, म्हणून माल हाताळणी फक्त वीस टक्क्यांनी घटली, असे त्याच अध्यक्षांनी सांगितले.

कोणी म्हणेल, हा वाढीव खर्च कशाला? ऐन हंगामात काटा दोन दिवस बंद पडला तर काय होते, ते मनात आणून पाहा. यार्डात बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा, तोडलेला ऊस वाळतोय, वजन घटतेय, उतारा खाली येतोय, तोडणी कामगार हातावर हात धरून बसलेत. ते नुकसान कोणत्याही कंपनीचे नसून तुमचे-आमचे आहे.

तेव्हा वार्षिक सभेत हा विषय आला की केवळ ‘मंजूर, मंजूर’ म्हणून हात वर करू नका. उठून एकच प्रश्न विचारा : “साहेब, आपला बेणे मळा कुठाय?” उत्तर समाधानकारक मिळाले, तर खुशाल मंजुरी द्या.

जय सहकार!