रिकामे पोट आणि भिजवलेले बी

रोवणीच्या दिवसांत सौंदडच्या आसपासच्या बांध्यांकडे भल्या सकाळी निघालेल्या बायांना विचारावे, काय खाऊन निघालात? बहुतेकींचे उत्तर एकच मिळेल, चहा. फार तर दोन टोस्ट. साकोली-गोंदियाच्या महाविद्यालयांत जाण्यासाठी बस किंवा गाडी गाठणाऱ्या मुलांचे, महामार्गावरच्या दुकानांत कामाला जाणाऱ्यांचे चित्र याहून वेगळे नाही. सकाळी उठून काही रांधायला वेळ नसतो, ही तक्रार खोटी नव्हे. म्हणूनच मोबाइलवरून गावागावांत पोहोचलेल्या 'चिया पुडिंग'ला शहरी थेर म्हणून नाक मुरडण्याआधी त्यातली युक्ती पाहायला हवी. रात्री दुधात दोन चमचे बी ढवळून ठेवायचे आणि सकाळी दाट खिरीसारखे झालेले खायचे. चूल नाही, गॅस नाही. शेजारच्या छत्तीसगडात रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी 'बासी' खातात, त्याच वळणाची ही सोय आहे.

चिया मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा, आपल्या तुळशीच्याच कुळातला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने भारतात त्याच्या लागवडीचे प्रयत्न केले, आणि आता विदर्भातच वाशिमकडे शेतकरी तो पेरतात. त्याच्या सालीत विरघळणारे तंतुमय पदार्थ असतात. पाणी लागले की ते फुगतात आणि प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होते. बी स्वतःच्या वजनाच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक पाणी धरून ठेवते. पुडिंग 'शिजते' ते एवढ्यावरच.

शंभर ग्रॅम चियात सुमारे 34 ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि 16 ग्रॅम प्रथिने असतात. दोन मोठे चमचे म्हणजे साधारण 25 ग्रॅम बी धरले, तर त्यातून आठ ग्रॅमच्या वर तंतू मिळतात. प्रौढ माणसाने दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतुमय पदार्थ खावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपला जिल्हा धानाचा, ताट पांढऱ्या, पॉलिश केलेल्या तांदळाचे. गिरणीत कोंडा गेला की त्यातले बरेचसे तंतूही जातात. त्यामुळे सकाळच्या एका वाटीत दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा मिळणे ही आपल्याकडे लहान गोष्ट नाही. कपभर दूध धरले तर प्रथिनेही दहा ग्रॅमच्या आसपास जातात. चहा-टोस्टशी तुलना करायचीच नको.

पण याच्यापुढे जे दावे केले जातात, तिथे हात आखडता घ्यावा. वजन उतरते, हा त्यातला सर्वांत मोठा. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जादा वजनाच्या लोकांना बारा आठवडे रोज 50 ग्रॅम चिया दिला. वजनात फरक पडला नाही. कॅनडात 2017 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत टाइप-2 मधुमेह असलेल्यांचे सहा महिन्यांत सरासरी 1.9 किलो वजन घटले, तुलनेच्या गटाचे 0.3 किलो, पण त्यांचा एकूण आहारही मोजून कमी केलेला होता. ओमेगा-3 चेही तसेच. चियात ते भरपूर आहे, मात्र ते वनस्पतीतल्या रूपात असते. मासळीतून मिळणाऱ्या रूपात त्यातला थोडाच भाग शरीर बदलू शकते. तेव्हा नाश्ता म्हणून खावे; औषध म्हणून डबा विकणाऱ्याचे ऐकू नये.

करण्याची रीत सोपी आहे, तरी चुका तिथेच होतात. एक कप, म्हणजे 200 मिलिलिटर, उकळून गार केलेले दूध आणि दोन मोठे चमचे बी. घालताच ढवळावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा ढवळावे. ही दुसरी ढवळणी राहिली की तळाशी गोळा बसतो आणि वर पातळ दूध तरंगते. थोडा गूळ, वेलची, सकाळी वरून केळे, पेरू किंवा हंगामात सीताफळाचा गर. पण 'रात्रभर ठेवा' हे वाक्य फ्रिज असलेल्या घरासाठी आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो, त्यात वीज गेली, तर ओट्यावर ठेवलेले दूध सकाळपर्यंत नासणारच. पाण्यात भिजवून उघड्यावर ठेवणेही उन्हाळ्यात बरे नाही. फ्रिज नसेल तर रात्रीचा हट्ट सोडावा. उठल्याबरोबर बी भिजवावे. तोंड धुऊन, झाडलोट आटपेपर्यंत अर्ध्या तासात ते खाण्याजोगे फुगते. मग त्यात दूध किंवा दही घालावे.

कोरडे बी तोंडात टाकून वर पाणी पिणे मात्र कटाक्षाने टाळावे. अमेरिकेत 2014 साली डॉक्टरांनी एका 39 वर्षांच्या माणसाची हकिकत मांडली होती. त्याने चमचाभर कोरडा चिया गिळून वर ग्लासभर पाणी प्यायले. बी अन्ननलिकेतच फुगून बसले आणि दुर्बिणीने काढावे लागले. त्याला आधीपासून गिळण्याचा त्रास होता. घरात असा त्रास असलेले म्हातारे किंवा लहान मूल असेल तर ही गोष्ट ध्यानात असू द्यावी. तंतू एकदम वाढवले की पोट फुगते, म्हणून एका चमच्यापासून सुरुवात करावी आणि दिवसभर पाणी पुरेसे प्यावे.

चिया महाग पडतो, आणि इथे आम्हाला आपल्याच बांधीची आठवण होते. धान कापायच्या आधी मातीतल्या ओलीवर लाखोळी, जवस फेकून पेरण्याची आपल्या भागातली जुनी रीत आहे. त्या जवसात ओमेगा-3 चियाहूनही अधिक असते, शंभर ग्रॅममध्ये 22 ग्रॅमच्या वर. तंतू 27 ग्रॅम. किंमत बरीच कमी. मात्र जवस अख्खे खाल्ले तर बरेचसे तसेच बाहेर पडते. ते मंद भाजून, कुटून, दोन चमचे दह्यात किंवा दुधात घालावे. दाटपणा येतो, चव खमंग लागते. चटणी खाणाऱ्या घराला ती नवी नाही. ज्यांना पुडिंगच हवे, त्यांच्यासाठी फालुद्यातला सब्जा आहे. तो पंधरा मिनिटांत फुगतो. पण सब्जा म्हणजे चिया नव्हे, दुकानात कुणी तसे सांगितले तरी. सब्जाचे दाणे काळेभोर आणि एकसारखे, चियाचे करडे, ठिपकेदार, गुळगुळीत.

एक सूचना बायांसाठी. रक्त कमी म्हणून आरोग्य उपकेंद्रातून लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या आपल्याकडे पुष्कळ जणी आहेत. दुधातले कॅल्शियम आणि बियांतले फायटेट लोह शोषू देत नाहीत, चहाही तेच करतो. म्हणून गोळी या नाश्त्यासोबत घेऊ नये. दोन तासांचे अंतर ठेवावे, किंवा ती रात्री जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.