रविवारची सुटी कुणाची?

साताऱ्याचं घर आणि सांगलीची सून असली, की रविवारी दुपारी कंदी पेढा सरस की भडंग, हा वाद ठरलेलाच. मग आजोबा निकाल देतात, "अहो, १९४९ ते १९६० सांगलीच्या जिल्ह्याचं नाव दक्षिण साताराच होतं. सून परकी कुठली?" माजघरात हशा पिकतो.

साहेबाच्या कचेऱ्या पूर्वीपासून रविवारी बंद असत. गिरणी कामगारांना मात्र त्यासाठी झगडावं लागलं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी चिकाटी धरली, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

पण वाचकहो, ही सुटी चुलीपर्यंत पोचली का? उलट रविवारी पानं पंधरा, चहा चारदा, आणि थोरल्या जाऊबाई सर्वांमागून जेवणार! सांगलीची सून भडंगाची बाजू घेते त्यातलं इंगित हेच असावं. एकदा फोडणी देऊन डबा भरला, की चार दिवस बघायला नको.

दिवाळीत सारी भावंडं जमतील. त्यातल्या रविवारी दुपारचा चहा आजोबांनी आणि मुलग्यांनी करावा. साखर कमी पडली तरी कुणी नावं ठेवणार नाही. आणि हो, कपबशाही त्यांनीच विसळाव्यात.