दोन टक्क्यांचे दायित्व

कंपनी कायद्याच्या कलम 135 अन्वये 1 एप्रिल 2014 पासून मोठ्या कंपन्यांवर एक बंधन आले. निव्वळ मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी अथवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील निदान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च केली पाहिजे. तेव्हापासून वार्षिक अहवालांतून रंगवलेल्या शाळा आणि हसरी मुले विपुल दिसू लागली.

या खर्चाची टवाळी करण्याचे कारण नाही. 2019-20 साली तो सुमारे 25 हजार कोटी रुपये होता, 2022-23 मध्ये 30 हजार कोटींच्या घरात गेला. परंतु हिशेबाचे दुसरे पानही उलटावयास हवे. सप्टेंबर 2019 मध्ये केंद्र सरकारने, इतर सवलती सोडण्यास तयार असलेल्या कंपन्यांसाठी, कराचा मूळ दर 22 टक्क्यांवर आणला. मोठ्या कंपन्या तोवर 30 टक्के दराने कर भरीत होत्या. या निर्णयापायी वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, हा अंदाज खुद्द अर्थमंत्र्यांचा. दायित्व म्हणून जे हाती आले, त्याच्या जवळजवळ सहापट रक्कम सरकारने आपण होऊन सोडून दिली! एवढ्या उदारपणाचा अनुभव शेतमजुराला कधी आल्याचे ऐकिवात नाही.

प्रश्न केवळ रकमेचा नाही. कराच्या पैशाचा विनियोग विधिमंडळात ठरतो, त्याचा जाब निवडून दिलेल्या प्रतिनिधीला विचारता येतो. दोन टक्क्यांचा विनियोग संचालक मंडळ ठरवते. कार्यक्षेत्राच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. साहजिकच उद्योग जेथे एकवटले त्या महाराष्ट्रासारख्या राज्यांकडे हा पैसा अधिक वळतो. ज्या जिल्ह्यात कारखानाच नाही, त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

1965 साली जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने दिल्लीत उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीवर परिसंवाद भरला होता. त्या विचारात कामगार आणि ग्राहक समाजाच्या बरोबरीने उभे होते. आजच्या कायद्यात केवळ आपल्या नोकरांच्या हितासाठी केलेला खर्च दायित्वात धरला जात नाही. ते योग्यच, कारण मजुराचे हक्काचे देणे दान म्हणून मिरवता कामा नये. मात्र तेवढ्यावर थांबल्याने नफा कसा मिळवला हा प्रश्न बाजूला पडतो आणि तो कसा वाटला एवढीच चर्चा उरते. कंत्राटी कामगाराला तुटपुंजे वेतन द्यावयाचे आणि त्याच्याच वस्तीत आरोग्य शिबिर भरवावयाचे, हे दोन्ही या व्यवस्थेत सुखेनैव नांदू शकते.

सेबीने 2022-23 पासून शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे. कायम व इतर कामगारांची संख्या, किमान वेतन, अपघात, पाण्याचा वापर यांचे रकाने त्यात असतात. हा अहवाल जाहीर असतो. आपल्या भागातील कंपनीचा अहवाल कार्यकर्त्यांनी मिळवावा, त्यातील आकडे कारखान्याच्या फाटकावरील सभेत वाचून दाखवावेत आणि ते खरे आहेत का, हे कामगारांनाच विचारावे.