शाप कुणाचा, खांदा कुणाचा?

पाप माणसानं केलं आणि शाप येशूनं घेतला, हा ख्रिस्ती शिकवणुकीचा गाभा. पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो मांडलाय. मोशेचं नियमशास्त्र म्हणतं, झाडाला टांगलेला माणूस देवाच्या शापाचा धनी. येशू टांगला गेला, शापित झाला, सगळ्यांचा शाप फिटला.

माझा सवाल साधा आहे. फिटला तो कुणाचा?

रेवदंड्याच्या कोटात मी पुष्कळदा हिंडलोय. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये बांधायला घेतलेला हा कोट. आत नारळी-पोफळी आणि चर्चच्या पडक्या भिंती. क्रूस घेऊन आलेली ही माणसं गुलामही बाळगत होती. १७४० मध्ये ती गेली. खाडीपलीकडे कोर्लईत त्यांच्या धर्मात आलेल्यांची लेकरं राहिली. त्यांच्या घरात पोर्तुगीज वळणाची ‘नौ लिंग’ बोली चालत आली. भाषेचे अभ्यासक सांगतात, ती टिकली कारण जात आणि धर्म, दोन्हींमुळं ही माणसं भोवतालापासून तुटून राहिली. म्हणजे बाप्तिस्म्याच्या पाण्यानं पाप धुतलं असेल, पण जातीचं अंतर तसंच राहिलं. तिकडं तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या दफनभूमीत तर मेलेल्या ख्रिश्चनांमध्येही जातीची भिंत!

आणि पाप तरी कसलं? भट म्हणतो, मागच्या जन्मी पाप केलंस, म्हणून या जन्मी मेलेली ढोरं ओढ. पाद्री म्हणतो, आदामानं पाप केलं, म्हणून तू जन्मापासून पापी. च्यायला, दोघांच्याही वहीत उधारी आमच्याच नावावर! धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना बाबासाहेबांनी मिशनऱ्यांना नेमकं इथंच धरलं. ज्या समाजानं, ज्या धर्मानं अस्पृश्याला खाली ढकललं त्यावर तुटून पड, हे शिकवायचं सोडून तुम्ही त्याला सांगता की तू तुझ्या पापामुळं पडलास.

२०१४ साली नगर जिल्ह्यात खर्ड्याला आमच्या १७ वर्षांच्या पोराचं प्रेत झाडाला टांगलेलं सापडलं. २०१७ मध्ये कोर्टानं आरोपी निर्दोष सोडले. सांगा, हे पोर कुणाच्या पापासाठी टांगलं गेलं? त्याच्या मरणानं कुणाचा उद्धार झाला? निरपराधाचं मरण पवित्र ठरवलं की मारणारा सुटतो. म्हणून मला या शिकवणुकीची भीती वाटते.

पण पौलाचंच म्हणणं उलटं करून वाचा. रोमन लोक क्रूसावर गुलामांना आणि बंडखोरांना चढवीत. येशूलाही वेशीबाहेर नेऊन मारलं. आमची वस्तीही वेशीबाहेरच. हा माणूस निष्पाप होता आणि तरी शास्त्राच्या हिशेबानं शापित ठरला, तर खोट कुणात? माणसात की शास्त्रात? पौल या प्रश्नाच्या दारापर्यंत येतो आणि शाप कुणाच्या तरी खांद्यावर देऊन मोकळा होतो.

दार उघडलं ते आमच्याच जिल्ह्यात. महाड, २५ डिसेंबर १९२७. जग ख्रिस्तजन्माचा सण करत होतं आणि बाबासाहेबांच्या सत्याग्रहात मनुस्मृती जळत होती. आमच्या बदली कुणी शाप वाहिला नाही. ज्या पुस्तकानं शाप दिला त्यालाच काडी लावली.

ख्रिस्ती झालेल्या माझ्या दलित भावाबहिणींशी माझं भांडण नाही. त्यांना तर दुहेरी मार. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचे हक्क हिंदूंपुरते ठेवले. १९५६ मध्ये शीख आत आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिश्चन बाहेरच. जात बघून त्यांना मारतात आणि धर्म बघून हक्क नाकारतात. हा शाप सरकारी कागदावरचा आहे, तो प्रार्थनेनं फिटायचा नाही. त्यांच्या बिशपांनी वेदीवरून उतरून रस्त्यावर यावं. आणि आपणही ‘ते किरिस्ताव, आपल्याला काय’ म्हणून घरात बसू नये.