आधी विचारा, मग हात लावा

एमबीबीएसला गेलेला एखादा मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असेलच. पहिल्या वर्षाला काय काय असतं, विचारून बघा. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री पटापट सांगेल. 'एटकॉम'चं नाव बहुतेक शेवटी येईल.

अ‍ॅटिट्यूड, एथिक्स आणि कम्युनिकेशन मिळून हे नाव झालंय. २०१९च्या बॅचपासून देशभर एमबीबीएसला ते सक्तीचं आहे. डॉक्टर असणं म्हणजे काय, पेशंट असणं म्हणजे काय, इथून सुरुवात होते. डिसेक्शन हॉलमधल्या मृतदेहाला पहिला गुरू मानायचं, हेही त्यात शिकवतात.

कल्पना छानच आहे. खरी परीक्षा मात्र वॉर्डात असते. वर्गात 'संमती घ्या' अशी स्लाइड बघायची आणि राउंडला 'बेड नंबर बारा' म्हणत दहा जणांनी एकाच बाईचं पोट दाबायचं, तेही न विचारता. असं झालं तर पोरं स्लाइड विसरणार आणि राउंड लक्षात ठेवणार. सीनिअर वागतात तसेच ज्युनिअर वागतात.

संमती म्हणजे नुसती फॉर्मवरची सही नव्हे. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे आलेल्या प्रकरणात एका महिलेने लॅप्रोस्कोपीला होकार दिला होता. ती भुलेत असताना डॉक्टरांनी तिच्या आईला विचारलं आणि तिचं गर्भाशय काढलं. जिवाला तातडीचा धोका नव्हता. सज्ञान पेशंटच्या वतीने आईने दिलेली अशी संमती कोर्टाने मान्य केली नाही.

'ओपीडीत एवढी रांग, वेळ कुठाय?' हे म्हणणं खोटं नाही. पण नाव विचारून 'तपासू का?' म्हणायला कितीसा वेळ लागतो? शिकायला पेशंट लागणारच, आणि सरकारी हॉस्पिटलात बहुतेकदा तो गरीबच असतो. उपचार फुकट मिळतात म्हणून त्याचा 'नाही' म्हणायचा हक्क जात नाही.

म्हणून एटकॉमचे मार्क लॉगबुकवर नको, पेशंटच्या खाटेशेजारी द्या. आणि विद्यार्थ्यांआधी सरांनी विचारायला सुरुवात करावी.

तुम्ही मेडिकलला नसाल, तरी उद्या आजीला घेऊन हॉस्पिटलात जालच. काय करताय, कशासाठी करताय, हे बिनधास्त विचारा. विचारणारे पेशंट भेटले की सांगणारे डॉक्टरही घडतील.