विजेरीचे आकडे वाचा

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ड्रोनने फवारणीचे प्रयोग झाले. इकडे देवळाली प्रवरा येथे तुमच्या हाती रिमोटचे हेलिकॉप्टर येते. अशा यंत्रांना बहुधा लिथियम-पॉलिमर विजेरीच उडवते.

तिच्या नेहमीच्या एका घटाचा पूर्ण दाब ४.२ व्होल्ट असतो. त्यापुढेही भारण चालू राहिले, तर ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचते, आतील द्रावणाचे विघटन होते, वायूमुळे विजेरी फुगते आणि पेटही घेऊ शकते. म्हणून वाटेल तो चार्जर जोडू नये. तीन घटांची माला असेल, तर प्रत्येक घटाचा दाब सारखा राखणारा चार्जर हवा. प्रवाहाचे गणित सोपे आहे : २२०० मिलिअँपिअर-तास क्षमतेला २.२ अँपिअर पुरेत. फुगलेली विजेरी पुन्हा भारू नये. भारण लावून झोपू तर नयेच.

‘हे खेळणेच नको’ असे काही पालक म्हणतील. मला ते पटत नाही. उद्या याच विजेऱ्या तुमच्या उसावर फवारणीला येतील. तेव्हा शिक्षकांनी ओहमच्या नियमाबरोबर विजेरीवरचे आकडेही वाचायला शिकवावेत. विद्यार्थ्याने आधी दाब व प्रवाह सांगावा, मगच तारा जोडाव्यात.